गुरुवारची हाजरी

संपादकबाईंचा फोन आला. "आपा, दिवाळी अंकासाठी लिहा. तुमची समिती, सामाजिक सलोखा, असं काहीतरी." मी म्हटलं, सलोखा म्हटला की मला स्टेजवरची शाल आणि वाळका नारळ आठवतो. मला माझा धंदा येतो, त्याच्यावर लिहिते, समिती त्यात कुठंतरी येईलच. बाई हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

मी मणियार, बांगड्या भरणारी. यावलच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांत आमचं गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. गावाबाहेर एका बाबांचा दर्गा आहे आणि त्याच्या दारात माझं दुकान, म्हणजे एक खाट, वर ताडपत्री आणि काचेची पेटी. आधी सासू बसायची, मग मी बसले. आता माझे गुडघे गेले, म्हणून सून बसते आणि मी शेजारी बसून तिच्या चुका काढते; जुन्या गिऱ्हाइकांना मात्र अजून मीच भरते.

बाहेरच्या माणसाला वाटतं बांगडी विकायची असते. विकायला काय, कोणीही विकेल. ती भरायची असते. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठा तिच्या तळव्यात आत वळवायचा, बोटांचे सांधे दाबून मऊ करायचे आणि तिचं लक्ष दुसरीकडे असताना काच चढवायची. म्हणून सारखं बोलत राहावं लागतं. मी विचारते, ती सांगते. नवऱ्यानं एवढा वेळ तिचा हात कधी धरलेला नसतो, त्यामुळं बाया पोटातलं सगळं ओकतात. जे तोंड सांगत नाही ते हात सांगतो. दोन-आठची बांगडी घालणारी बाई काही महिन्यांत दोन-चारवर आली, तर ती जेवत नाही. का जेवत नाही हे विचारायची मात्र घाई करायची नसते.

दर्ग्यात दर गुरुवारी हाजरी भरते. ज्याला बाहेरची बाधा झाली असं घरच्यांना वाटतं, त्याला आणून मजारीच्या जाळीसमोर बसवतात. लोबान पेटतो, आणि दिवस मावळायच्या सुमाराला एखादी घुमायला लागते. केस सुटतात, डोळे फिरतात, हात जाळीवर आपटतात. मग माझे दीर, जे दर्ग्याचे मुजावर आहेत आणि ज्यांना सगळं गाव रहमानचाचा म्हणतं, तिच्यासमोर बसून तीन गोष्टी विचारतात. कोण आहेस? कुठून आलास? कधी जाणार? मुसलमानाला हिंदीत, हिंदूला मराठीत. भुतांना दोन्ही समजतं.

हात आपटले की काच फुटते, आणि घरी जाताना बाया माझ्याकडं नव्या बांगड्या भरतात. म्हणजे माझा धंदा भुतांवर चालला असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. जादूटोण्याचा कायदा मलाही माहीत आहे. आमच्याकडं मारझोड नाही, पैसा घेणं नाही, डॉक्टरची गोळी बंद करायला सांगणं नाही. चाचा तर स्वतःच बीपीची गोळी चुकवत नाहीत.

हाजरीचा एक रिवाज आहे. हाजरीत बोललेलं बोलणाऱ्याच्या नावावर लागत नाही. सून घुमताना सासूला नको नको ते बोलते, आणि घरी गेल्यावर सासूच तिला पाणी देते, कारण बोलली ती सून नव्हती. आणि चाचांचं दुसरं म्हणणं असं की हाजरीत जिवंत माणूस येत नाही. येतो तो मेलेलाच.

यात खरं किती, खोटं किती? इतकी वर्षं त्या दारात काढली, मला एकच खूण सापडली आहे. फुटलेली काच काढायला मी घुमणाऱ्या बाईचा हात धरते. ती ढोंग करत असेल तर हात गरम असतो आणि बोटं माझ्या ओढीनं उघडतात. बहुतेक वेळा असंच असतं, आणि मी काही बोलत नाही. बिचारीला वर्षातून एकदा तरी ओरडायला जागा नको का? पण क्वचित एखादा हात असा लागतो की तो गार असतो, आणि अंगठा आपोआप आत वळलेला असतो, जसा मी बांगडी भरताना वळवते. तो अंगठा दोन बायांनी ओढला तरी उघडत नाही. तो हात मी पटकन सोडून देते.

आता समिती. गावात एकदा दगडफेक झाली, दुकानं जळाली. त्यानंतर हिंदू-मुसलमान दोन्ही गल्ल्यांतल्या बायांनी ठरवलं की पुन्हा हे नको. आम्ही काही बाया, चाचा, आणि केळीची मोठी बाग असलेले सगळ्यांचे नाना, अशी आमची समिती. दर गुरुवारी दर्ग्याच्या शेडमध्ये चहा प्यायचा, एवढंच तिचं कामकाज. कारण गुरुवारी तिथं सगळे येतातच. मध्य प्रदेशची हद्द जवळ. केळीच्या ट्रकांबरोबर घाट चढून पलीकडं जाणारी पोरं खूप, आणि डोकी भडकवणाऱ्यांना हद्द फार सोयीची. इथं पोलीस विचारू लागले की तिकडं, तिकडं विचारू लागले की इकडं. आमचा नियम साधा होता. काही घडायच्या आधी माणूस आमचा, हत्यार दिसलं की पोलिसांचा.

पहिला गेला तो आमच्याच गल्लीतला नदीम, हसीनाचा एकुलता एक. ट्रकवर क्लीनर होता. वाया गेलेला म्हणावा तर तसंही नाही. उलट सिगारेट सुटली, शिव्या सुटल्या, सारखा मोबाइल कानाला आणि बोलणं एकदम सुधारलेलं. सगळे म्हणाले, पोरगं सुधारलं. हसीनाला आनंद झाला होता. एक दिवस बांगड्या भरता भरता ती मला म्हणाली, "आपा, कल खाना खाते खाते क्या बोला मालूम? बोला, अम्मी, अब सोए हुए लोगों को उठाना नहीं है, गिनना है." आणि हसली. मलाही काही उमगलं नाही. मी तिचा अंगठा वळवला आणि काच चढवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नदीम घाटापलीकडं गेला तो परत आलाच नाही. फोन बंद. पोलीस घरी येऊन गेले, दोनदा, तीनदा. कोणाबरोबर गेला, कशाला गेला, ते हळूहळू कळलं, आणि गल्लीनं हसीनाच्या दाराकडं बघणं सोडलं. सुधारलेल्या पोराला कोणी दर्ग्यात आणत नाही. तो सुधारलेला दिसला म्हणूनच आमच्या हातून सुटला, हे मला अजून सलतं.

मग एका उन्हाळ्यात सिंधूअक्का आल्या. खेड्यावरच्या, केळीवाल्या, एरवी भरल्या अंगाच्या, बोलायला खणखणीत. मी सवयीनं दोन-आठचा डझन काढला. बांगडी हातातून सरळ कोपरापर्यंत गेली. मी दोन-सहा काढला, तोही ढिला.  मी त्यांचा हात सोडला नाही.

"आपा," त्या म्हणाल्या, "माह्या घरात दुसरंच कोनी बोलते वं."

"कोण बोलतं?"

"योगेश. दिसते माह्याच पोरावानी, पन बोलते दुसरंच कोनी. जनमात त्यानं मले आई म्हनलं नाही, माय म्हनते तो मले. आता म्हनते, आई, मला भोजन नको. भोजन! आमच्या घरी भोजन कोन म्हनते वं? बागेत जाऊन बसते. दुपारी पाहाले गेली तं केयीच्या खोडाईमधी एकटाच उभा, अन् ते मोबाइलमधलं जे बोलते ना, ते जसंच्या तसं तोंडानं बोलू राह्यला. त्याले बाहेरचं लागलं आपा. मी त्याले अठी आनू का?"

"काय बोलत होता?"

अक्कांनी आठवून आठवून सांगितलं. त्यांचा आवाजही बदलला. खानदेशी बाईच्या तोंडून सपाट पुस्तकी मराठी निघाली. "आता झोपलेल्यांना उठवायचं नाही. आता त्यांना मोजायचं."

हेच वाक्य मी हसीनाच्या तोंडून ऐकलं होतं. योगेशला ज्यांच्याविरुद्ध भडकवलं होतं ते आम्ही, आमची गल्ली. नदीमला भडकवलं होतं ते अक्कांच्या लोकांविरुद्ध. आणि वाक्य एकच. दोघांच्या तोंडून बोलणारा एकच कोणीतरी होता, त्याला हिंदीही येत होती आणि मराठीही, आणि कोणाला मोजायचं याची त्याला पर्वा नव्हती. अक्का त्याला भूत म्हणत होत्या. मला तेव्हा त्याच्यासाठी दुसरा शब्द सुचला नाही, आजही सुचत नाही.

समितीत मी हे सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, "आपा, त्या बाईले खरं सांगा. भूतबीत काही नाही, पोरगं वाईट संगतीत शे." मी म्हटलं, नाना, थांबा. गुन्हेगार म्हटलं की त्या पोराला परत यायला दार राहत नाही. भूत म्हटलं की राहतं. उद्या तो म्हणू शकेल, तो मी नव्हतोच. तिची चूक आहे ना, राहू द्या तिला. चाचांनी मान हलवली. नाना पुटपुटले, पण चहा प्यायले.

योगेश आला कसा? आईनं अन्न सोडलं होतं, म्हणून आला. चोवीस-पंचवीसचा, उंच, इस्त्रीचा शर्ट. ज्या दर्ग्याबद्दल त्याच्या मोबाइलमध्ये काय काय भरलं होतं, त्याच दर्ग्यात त्याची आई त्याला हाताला धरून घेऊन आली. तो जाळीसमोर ताठ बसला. डोकं झाकलं नाही, टेकवलं नाही. चाचांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही, फक्त पाणी दिलं. पाणी त्यानं बाजूला ठेवलं. पुढच्या गुरुवारीही असंच झालं. तो बसायचा आणि बायांकडं बघायचा. माझ्याकडंही बघायचा. ते डोळे रागाचे असते तर मला चाललं असतं. ते रिकामे होते, घरात कोणी नसताना दिवा चालू राहावा तसे.

उरूस जवळ आला होता. त्या आठवड्यात शेडला पताका लागल्या होत्या. गुरुवारी अक्का लेकाच्या शेजारी बसल्या होत्या, आणि काय झालं कळलं नाही, त्याच घुमायला लागल्या.

मी त्या दारात शेकडो बाया घुमताना बघितल्या, पण तशी एकही नाही. केस सुटले नाहीत. ओरडणं नाही. त्या फक्त हळूहळू डुलत होत्या, आणि मग एकदम हात जाळीवर आपटला. मी नुकत्याच भरलेल्या हिरव्या बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. मी पदर घेऊन धावले. तेव्हा त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून त्या सपाट आवाजात शब्द आले, "आता झोपलेल्यांना उठवायचं नाही. मोजायचं." मग रक्ताळलेलं बोट वर करून त्या शेडमधल्या माणसांना मोजायला लागल्या. एक. दोन. कडेवर पोर घेतलेली बाई, तिचं पोर, पाणी देणारे चाचा, मी. प्रत्येकाकडं बोट, प्रत्येकाला आकडा.  लोबानाचा धूरही हलत नव्हता. बोट फिरत फिरत आलं आणि योगेशच्या छातीवर थांबलं.

"अन् हा," अक्का म्हणाल्या. हे मात्र त्यांच्या स्वतःच्या आवाजात होतं.

त्यांचा अंगठा बघायचं त्या गडबडीत माझ्या लक्षात आलं नाही. मी रक्त थांबवत होते. त्यांच्यात काय आलं होतं हे मला कोणी विचारू नये.

योगेश उठला. मला वाटलं, आता हा जाणार. तो जाळीपाशी गेला, खाली बसला, आणि घुमायला लागला. मान फिरवतोय, हात आपटतोय. चाचा त्याच्यासमोर जाऊन बसले.

"कोण आहेस?"

"नाव नाही."

"कुठून आलास?"

"मोबाइलमधून."

कोणी हसलं नाही.

"काय करणार होतास?"

हा प्रश्न रिवाजात नव्हता, चाचांनी तो तेवढ्यापुरता घातला. योगेशनं डोळे मिटून, मान हलवत, सगळं सांगितलं. बागेत, विहिरीच्या मागं, वाळलेल्या पानांच्या ढिगाखाली पिशव्या आहेत. संदलची मिरवणूक निघेल त्या दिवशी. पलीकडचे दोघं येणार आहेत. त्यांची नावं. मी त्याचा हात धरला होता. काच नव्हती त्यात, तरी धरला. हात गरम होता, घामानं ओला, आणि मी बोटं ओढली तशी ती उघडली.

ढोंग होतं. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, चाचांनाही माहीत असावं. दार उघडं दिसलं आणि पोरगं त्यातून बाहेर आलं, एवढंच. मला इतकं रडू आलं की मी त्याचा हात माझ्या डोळ्यांवर धरला.

"कधी जाणार?" चाचांनी विचारलं.

"गेलो," तो म्हणाला, आणि आईकडं वळून म्हणाला, "माय, मले पानी दे."

नाना आणि पोलीस त्याच संध्याकाळी बागेत गेले. पिशव्या सापडल्या. पलीकडचे दोघं सापडले नाहीत. ठाण्याच्या साहेबांपुढं नानांनी योगेशची बाजू लावून धरली, आणि बऱ्याच चकरांनंतर त्याला साक्षीदार केलं. खेड्यात त्याला कोणी काही म्हणालं नाही. हाजरीतलं बोलणं कोणाच्या नावावर लागत नाही. उरूस झाला, संदल निघाला, मी नेहमीसारखी दारात बसून बांगड्या भरल्या. जे झालं नाही त्याची बातमी येत नाही, म्हणून आमच्या समितीचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही.

इथं थांबायला हवं होतं. संपादकबाईंना हेच हवं होतं. पण हसीना राहिली.

योगेश दर गुरुवारी यायला लागला, मदतीला. सतरंज्या टाकायचा, पाणी भरायचा. आणि हसीना येऊन त्याच्याकडं बघत बसायची. तिचा हात तोवर असा झाला होता की शाळेतल्या मुलींच्या बांगड्या तिला भराव्या लागत. एका गुरुवारी ती उठली, सतरंजी झटकणाऱ्या योगेशसमोर जाऊन बसली आणि चाचांसारखं विचारलं, "कौन है तू?"

तो गोंधळला. माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. पुढच्या गुरुवारी तिनं पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्याही. तिला काय हवंय हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्यानं एकदा ढोंग केलं होतं, तसं तिच्यासाठी एकदा करावं. गेल्या पावसाळ्यातला एक गुरुवार होता, पाऊस उघडला होता, शेडमध्ये ओलसर अंधारून आलं होतं. तिनं विचारलं, "कौन है तू?" योगेशनं हातातली सतरंजी खाली ठेवली, जाळीला पाठ लावून बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "नदीम."

शेडमधल्या बायांनी पदर तोंडाला लावले.

"कहाँ से आया?"

"दूर से, अम्मी. घाट के उधर से."

"खाना खाया?"

"तू खा. तू खाएगी तो मेरा पेट भरेगा."

हसीना हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि सरळ माझ्या खाटेवर येऊन हात पुढं केला. "आपा, चूड़ी पहना दे. ज़रा बड़ी देना, अब खाऊँगी." मग हळूच म्हणाली, "कितना अच्छा नाटक करता है ना? अल्लाह उसको सलामत रखे. ज़िंदा बेटे की आवाज़ सुना दी." मी तिला दोन-चार भरल्या. ढिल्या होत्या, तरी तिनं काढू दिल्या नाहीत.

ती गेल्यावर मी योगेशकडं गेले. तो अजून तसाच बसला होता. मला त्याला शाबासकी द्यायची होती. म्हणायचं होतं, बेटा, आमच्या भाषेतलं एवढं तू कुठं शिकलास, कारण त्याला हिंदी धड बोलता येत नाही, ट्रकवाल्यांशीसुद्धा तो मराठीतच बोलतो. मी त्याचा हात धरला.

हात गार होता. अंगठा तळव्यात आत वळला होता. मी ओढला, दोन्ही हातांनी ओढला, तो उघडला नाही.

थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "आपा, हसीनाखाला गेल्या? आज त्याईनं मले काही इचारलंच नाही."

मी चाचांना सांगितलं नाही. चाचांनी मला फक्त एवढीच आठवण करून दिली असती की हाजरीत जिवंत माणूस येत नाही. समितीत सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही. हसीना आता जेवते. दोन-सहापर्यंत आली आहे. गुरुवारी मी तिला बांगड्या भरते तेव्हा ती नदीम परत आल्यावर त्याचं लग्न कुठं करायचं ते बोलत असते, आणि मी तिचा अंगठा आत वळवून काच चढवते आणि हो हो म्हणते.

हे इथं लिहितेय, कारण कुठंतरी ठेवायला हवं होतं. हसीनाला मराठी वाचता येत नाही, आणि वाचून दाखवणारा घरात कोणी राहिला नाही.